कधीपासून

बागूल सिस्टर त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकायला आल्या.
सिव्हिलची रात्रपाळी संपवून, थेट,
पायात अजून तेच पांढरे बूट.
क्लच सोडताना जीभ दातांत धरायच्या.
तिसऱ्या दिवशी नासर्डीच्या पुलावर
काच खाली करत म्हणाल्या,
सर, अंडं सडल्यासारखा वास येतोय.
कधीपासून?

मी म्हटलं, नदीचा असेल.

तशी महिनाभर सगळीच पोरं काचा खाली करत होती.
मला वाटायचं, घाबरतात, वारा हवा असतो.
आहेर तर तोंडाला रुमाल बांधून बसायचा;
त्याला मी एवढंच सांगितलं,
मागचा आरसा दिसतोय ना? मग चल.

पुढच्या आठवड्यात त्र्यंबक रोड,
अंजनेरीच्या अलीकडचा चढ.
पाय पूर्ण खाली, इंजिन ओरडतंय,
आणि गाडी जागची हलायला तयार नाही,
जणू मागून कुणी दोर बांधून ठेवलाय.
द्राक्षांचे क्रेट भरलेला छोटा हत्ती
हॉर्न न वाजवता आम्हाला ओलांडून गेला.
हिला दम लागतोय, सिस्टर म्हणाल्या,
जिना चढताना लागतो तसा. कधीपासून?

तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवताय, मी म्हणालो.
चूक शिकणाऱ्याची असते.
बावीस वर्षं माझी फी याच वाक्यावर चालते.

मुंबई नाक्याच्या सिग्नलला बुडाखालून आवाज,
पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसा.
माझ्या पायाखालचं मॅट तव्यासारखं तापलेलं.
पीयूसीवाल्यानं दोनदा परत पाठवलेलं.
आणि डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा,
त्यावर मी काळी चिकटपट्टी लावली होती.
शिकाऊ माणसं उगाच बिचकतात.

सिस्टरनी ती नखानं सोलून काढली.
ड्रेसिंग काढतात तशी, एका झटक्यात.

अंबडला गांगुर्डेच्या गॅरेजात
गाडी वर, आम्ही दोघं खाली.
त्यानं रबरी हातोडीनं एकदाच टकटक केली:
खुळखुळा झालाय.
कापून काढलेला तो कॅटॅलिटिक, डब्याएवढा,
आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी,
वितळून, काळी पडून, घट्ट मिटलेली.
एका तोंडाशी टॉर्च धरला.
दुसऱ्या तोंडाला अंधार.
श्वास आत घेते बिचारी, गांगुर्डे म्हणाला,
सोडायला वाट नाही.

मग बॉनेट उघडून तिसरा प्लग काढला,
ओला, काजळलेला.
खरा हा. नीट ठिणगीच टाकत नव्हता.
न जळलेलं पेट्रोल तसंच खाली यायचं
आणि याला ते पोटात जाळावं लागायचं.
दुसऱ्याचं जाळता जाळता हा गेला.
नुसता नवा बसवू नका, तोही जाईल.
खर्चाचा आकडा त्यानं खडूनं टायरवर लिहिला.
जुना मात्र टाकू नका म्हणाला,
आत प्लॅटिनमची धूळ असते,
सकाळपासून दोन भंगारवाल्यांचे फोन आलेत.

सिस्टरनी पर्समधून कापसाचा बोळा काढला,
छोट्या बाटलीतलं काही त्यावर ओतलं,
माझ्या नाकाशी धरला.
कसला वास?
मी गांगुर्डेकडे पाहिलं. तो पाना शोधत होता.
पाणी, मी म्हणालो.

स्पिरिट होतं ते.
बोळा गार लागला तेव्हा कळलं.

घरी सुनंदाला ठाऊक नाही.
फोडणी बसली की मी आतूनच म्हणतो, वा,
तडतड ऐकू येते ना, त्या अंदाजानं.
एकदा दूध करपून पातेलं काळं झालं
मी शेजारी पेपर वाचत असताना.
लक्ष नव्हतं, म्हणालो.

कधीपासून, सर?

बाहेर अंबडची दुपारची पाळी सुटत होती.
तापात होतो ना, तेव्हापासून. दोन वर्षं, मी म्हणालो.
मग बोटांवर मोजलं.

चार.